तीन महिन्यांत सुटणारे छंद: रेडिओ घ्यावा की पाव भाजावा?

अर्धाडाव

नमस्कार. रोज संध्याकाळी साधारण दीड तास आणि आठवड्यातील सुट्टीची एक सकाळ, एवढा वेळ माझ्याजवळ खरोखर मोकळा असतो. गेल्या सहा वर्षांत मी बासरी, जलरंग आणि छायाचित्रण असे तीन छंद हाती घेतले आणि तिन्ही सुटले. मुद्दाम सोडला असे एकाही छंदाबद्दल म्हणता येणार नाही. पहिला महिना झपाटल्यासारखा जातो, दुसऱ्या महिन्यात सरावापेक्षा साधनांची चौकशी अधिक होऊ लागते, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ती साधने कपाटात जाऊन बसतात, हा क्रम तिन्ही वेळा जवळजवळ सारखाच होता.

आता पुन्हा दोन गोष्टी खुणावत आहेत. घरात एक जुना पण चालू स्थितीतला लघुलहरींचा (शॉर्टवेव्हचा) रेडिओसंच सापडला आहे, त्यामुळे दूरची केंद्रे ऐकण्याचा छंद करून पाहावा असे वाटते. दुसरीकडे, रोजचा स्वयंपाक मला येतो, परंतु छंद म्हणून, म्हणजे एखादी कृती समजून घेऊन ती सुधारत नेण्यासाठी, मी कधी स्वयंपाकघरात उभा राहिलो नाही. बाहेरचे यीस्ट न वापरता पाव करून पाहण्याची इच्छा बरेच दिवस आहे.

या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता, असे मला विचारायचे नाही. प्रत्येक छंदात नवशिक्या एका ठरावीक जागी अडतो असा माझा समज झाला आहे, आणि ती जागा आधीच ठाऊक असेल तर कदाचित पुढे जाता येईल. या दोन्ही छंदांत जे मुरलेले आहेत त्यांनी ती जागा नेमकी कोठे असते आणि आपण ती कशी ओलांडली हे सांगितले, तर फार उपयोग होईल.

खरखर

आपला प्रश्न आवडला, कारण लघुलहरी ऐकू लागणारे बहुतेक जण पहिल्या पंधरवड्यातच अडतात आणि त्यामागचे कारण आळस हे नसते. ते चुकीच्या वेळी चुकीच्या पट्ट्यावर, म्हणजे वारंवारतांच्या चुकीच्या गटात, ऐकत असतात, एवढेच. दुपारी संच लावायचा, सगळीकडे खरखर ऐकायची आणि आता लघुलहरींवर काहीच उरलेले नाही असे म्हणून तो बंद करायचा, हा प्रकार मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे.

रेडिओलहरी दूर कशा जातात हे एकदा समजले की ही अडचण बरीचशी मिटते. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे आयनीभूत झालेले थर असतात, आणि त्यांना मिळून आयनांबर म्हणतात. त्यातील सर्वांत खालचा थर सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असून तो दिवसा कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ नाहीसा होतो, त्याच लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोहोचतात आणि तेथून वळून शेकडो किंवा हजारो किलोमीटरांवर खाली उतरतात. म्हणूनच दिवसा जवळच्या केंद्रापलीकडे काही न देणारा मध्यमलहरींचा (मीडियम वेव्हचा) पट्टा रात्री गजबजतो. लघुलहरींसाठी ढोबळ नियम असा की रात्री ४९ आणि ४१ मीटर तरंगलांबीचे पट्टे, म्हणजे साधारण ६ आणि ७ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकावे. भर दिवसा १९ आणि १६ मीटर, म्हणजे १५ आणि १७ मेगाहर्ट्झकडे जावे. आणि सूर्यास्ताच्या आगेमागे ३१ मीटरचा पट्टा कधीही सोडू नये. (संचावर मीटर लिहिलेले नसतील तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागावे. ९.६ मेगाहर्ट्झ म्हणजे ३१.२५ मीटर.)

सुरुवातीला केंद्रांच्या मागे न लागता ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झ या तीन जागा रोज ठरावीक वेळी ऐकाव्यात, असे मी सुचवीन. या वारंवारतांवर वेळसंकेत देणारी केंद्रे आहेत आणि त्यांचे सेकंदाचे ठोके खरखरीतूनही ओळखता येतात. १५ वर ठोके स्वच्छ आणि ५ वर शांतता असेल तर त्या वेळी वरचे पट्टे उघडे आहेत. उलट असेल तर खाली यावे. पंधरा दिवस हे केले की आकाशाची नाडी हाताला लागते, आणि मग संच लावताना आज काय मिळेल याचा अंदाज तुम्ही आधीच बांधू लागता. माझ्या मते छंदाची खरी सुरुवात तेथून होते.

हौशी लोकांनीच हे सारे प्रथम शोधले, ही गोष्ट मला फार भावते. १९१२ साली अमेरिकेतील कायद्याने हौशी प्रक्षेपकांना २०० मीटरांखालच्या लहरींवर ढकलले, कारण दूर अंतरासाठी त्या लहरी कुचकामाच्या आहेत असे तेव्हाच्या जाणकारांना वाटत होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लिओं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरांवर अटलांटिक महासागराच्या आरपार दुतर्फा संभाषण केले, आणि टाकाऊ म्हणून दिलेल्या त्या लहरींकडे पाहण्याची साऱ्या जगाची दृष्टी बदलली. आयनांबराची कल्पना हेविसाइड आणि केनेली या दोन शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती; तिचा प्रायोगिक पुरावा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये मिळवला. म्हणजे ११० मीटरांवर ते संभाषण झाले तेव्हा लहरी नेमक्या कशावरून परत येतात हे कोणी सिद्धही केलेले नव्हते.

अडण्याची दुसरी जागा साधारण तिसऱ्या महिन्यात येते, आणि आपला अनुभव पाहता तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे. सहज ऐकू येणारी सगळी केंद्रे तोवर ऐकून झालेली असतात. लघुलहरींवरील केंद्रांची संख्या पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. या टप्प्यावर लोक महागडा संच घेतात आणि महिनाभराने तोही कंटाळवाणा वाटू लागतो. मी तेव्हा नोंदवही सुरू केली: तारीख, जागतिक प्रमाणवेळ, वारंवारता, भाषा, आणि ग्रहणाची प्रत, म्हणजे केंद्र किती स्वच्छ ऐकू आले ते. प्रत सांगण्यासाठी सिन्पो नावाची पद्धत आहे, जिच्यात संकेताची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, प्रसरणातील चढउतार आणि एकूण दर्जा यांना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात. अशा नोंदीवरून केंद्राला ग्रहण अहवाल पाठवला की काही केंद्रे आजही पोचपावतीचे कार्ड धाडतात, ज्याला या छंदात क्यूएसएल म्हणतात. वर्षभराची वही मागे चाळताना ऋतूप्रमाणे पट्टे कसे सरकले ते दिसते, आणि अकरा-बारा वर्षे टिकलात तर सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्रही त्याच वहीत उमटलेले आढळेल.

चिमूटभर

रेडिओबद्दल मला काहीच कळत नाही, पावाबद्दल सांगते. आपण जिच्याविषयी विचारले आहे ती अडण्याची जागा पावाच्या बाबतीत इतकी नेमकी आहे की तिचा वारसुद्धा सांगता येतो. ती स्टार्टरच्या, म्हणजे बाहेरच्या यीस्टऐवजी पाव फुगवणाऱ्या आंबवलेल्या पिठाच्या, चौथ्या दिवसाच्या आसपास येते.

पीठ आणि पाणी समान वजनाने कालवून ठेवले, आणि रोज त्यातील थोडे मिश्रण राखून बाकीचे काढून ताजे पीठ व पाणी घातले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते एकदम उसळते, बुडबुडे येतात आणि मंडळी आनंदून जातात. ही उसळी मात्र यीस्टची नसते. पिठात आधीच असलेले इतर जीवाणू तेव्हा वायू सोडत असतात. त्यांच्यामुळे आणि पाठोपाठ वाढणाऱ्या लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंमुळे मिश्रण आंबट होत जाते, तो आंबटपणा त्या पहिल्या जीवाणूंना सोसवत नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी भांडे अगदी निपचित पडते. बहुसंख्य लोक नेमके त्या दिवशी ते ओतून टाकतात. वास्तविक यीस्टला वर येण्यासाठी तोच आंबटपणा लागतो; आणखी तीन-चार दिवस न चुकता पीठ घातले तर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान मिश्रण काही तासांत दुप्पट फुगू लागते, आणि ही वाढ आता दररोज ठरल्या वेळी होते. मी स्वतः दोन वेळा चौथ्या दिवशी भांडे रिकामे केले होते. तिसऱ्या वेळी घरी नसल्यामुळे ओतायचे राहून गेले, आणि तो स्टार्टर आजही जिवंत आहे. तेव्हा त्यात माझी चिकाटी कितपत होती, याबद्दल न बोललेले बरे.

दुसरी अडचण स्वभावाची आहे. नवशिक्या दर आठवड्याला नवी कृती शोधतो, त्यामुळे पाव बसला तर दोष पिठाचा, पाण्याचा, उष्णतेचा की वेळेचा हे त्याला कधीच कळत नाही. दहा आठवडे एकच पाव करावा आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी पाववाल्यांची टक्केवारी शिकून घ्यावी, जिच्यात पिठाचे वजन १०० धरून बाकीचे सारे त्याच्या प्रमाणात लिहितात. ५०० ग्रॅम पीठ, ७० टक्के म्हणजे ३५० ग्रॅम पाणी, २० टक्के म्हणजे १०० ग्रॅम स्टार्टर आणि २ टक्के म्हणजे १० ग्रॅम मीठ. ही टक्केवारी थोडी फसवी आहे हेही ध्यानात ठेवावे: स्टार्टरमधील ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी हिशेबात धरले तर पाण्याचे खरे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते, आणि नवशिक्याच्या हाताला कणीक अपेक्षेपेक्षा चिकट लागते ती त्यामुळेच. वाटीने आणि चमच्याने मापण्याच्या भरीस पडू नये. ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा हे एकच साधन मी आवश्यक मानते.

भाजण्यातही समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कवचाला येणारा तांबूस रंग आणि वास मुख्यतः अमिनो आम्ले आणि साखर यांच्या अभिक्रियेतून येतात. १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी कामीय माइयार यांनी तिचे वर्णन केले म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिला वेग येण्यासाठी साधारण १४० अंश सेल्सिअस लागतात, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. म्हणूनच पहिली वीस मिनिटे झाकण ठेवून वाफेत भाजायचे, ज्यामुळे कवच मऊ राहून पाव पुरता फुगतो, आणि नंतर झाकण काढून ते कोरडे होऊ द्यायचे. कांदा परतताना रंग यायला इतका वेळ का लागतो याचेही उत्तर हेच आहे; कांद्यात जवळजवळ नऊ-दशांश पाणीच असते, आणि ते जाईपर्यंत तुम्ही त्याला परतत नसून शिजवत असता.

निरुद्योगी

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु दोघांनीही प्रश्नकर्त्याचे एक गृहीतक न तपासता मान्य केले आहे, ते असे की तीन महिन्यांत सुटलेला छंद म्हणजे अपयश. मला तसे वाटत नाही. तीन महिने जलरंग हाताळलेल्या माणसाची चित्राकडे पाहण्याची नजर पूर्वीची राहत नाही. ओल्या कागदावर रंग कसा पसरतो हे ज्याने एकदा अनुभवले आहे, त्याला दुसऱ्याच्या चित्रातील आकाश वेगळे दिसते. तेवढ्यासाठीही ते तीन महिने सार्थकी लागले असे मी म्हणेन.

नोंदवहीबद्दल माझा अनुभव श्री. खरखर यांच्या उलट आहे. मी चार वर्षे रेडिओ ऐकत असे आणि पहिली दोन वर्षे मोठ्या आवडीने ऐकत असे. नंतर वही आली, मग रकाने आले, मग महिन्याला किती नवी केंद्रे झाली याची बेरीज आली, आणि एका रात्री असे लक्षात आले की एक अतिशय सुंदर वाद्यवादन चालू असताना मी ते न ऐकता केंद्राची ओळख कधी सांगतात याची वाट पाहत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी वही बंद केली. आजही ऐकतो, पण काय ऐकले ते लिहीत नाही. कार्यालयात दिवसभर जे करतो तेच संध्याकाळी हौस म्हणून करावे, हे मला पटत नाही.

निवडच करायची असेल तर एक फरक पाहावा. पाव केला की तो कोणीतरी खाते, आणि त्यावर बरेवाईट बोलतेही. रेडिओ हा बहुतांशी एकट्याने, कानांवर हेडफोन चढवून करण्याचा छंद आहे. दीड तास एकटे बसावे अशी गरज आहे की दीड तास कोणात तरी मिसळावे अशी, हे स्वतःला विचारले तर उत्तर मिळेल.

खरखर

श्री. निरुद्योगी यांचे वाद्यवादनाचे उदाहरण बोचले, कारण ते माझ्याही हातून घडले आहे. बेरजेबद्दलचा आक्षेप मान्य. तरीही वही बंद करण्यापेक्षा रकाने कमी करावेत असे मला वाटते. मी आता दिवसाला एकच ओळ लिहितो आणि ती केंद्राविषयी असेलच असे नाही.

रेडिओ एकट्याचा छंद आहे हे मात्र अर्धेच खरे. केवळ ऐकणाऱ्याला सहसा कोणी बोलायला नसते, हे खरे आहे. परंतु हौशी प्रक्षेपणाची परीक्षा देऊन परवाना घेतला की तोच छंद पूर्णपणे संवादाचा होतो.

तारजोड

मी थोडा आडवळणाचा सल्ला देतो. तयार संच ऐकण्यापूर्वी एक स्फटिक रेडिओ स्वतः बांधून पाहावा. सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यावर विद्युतरोधक लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे शंभरेक वेढे, एक बदलता धारित्र (केंद्र निवडण्यासाठीचा कपॅसिटर), जर्मेनियमचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), उच्च रोधाचा कर्णध्वनिक (इअरफोन), लांब अँटेना आणि जमिनीशी जोडणी, एवढेच त्यात असते. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही. कानात येणारा आवाज निव्वळ अँटेनाने पकडलेल्या लहरींच्या ऊर्जेवर चालतो. सिलिकॉनऐवजी जर्मेनियमचा डायोड घ्यावा, कारण तो साधारण ०.३ व्होल्टच्या आसपासच वाहू लागतो, तर सिलिकॉनला ०.६ च्या वर लागतात आणि दुबळा संकेत तेथेच अडतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी डायोडच्या जागी दाढीचे पाते आणि पेन्सिलीचे शिसे वापरून असे संच बनवले होते.

अट एकच: जवळपास मध्यमलहरींचे चालू केंद्र असायला हवे. एफएम केंद्र असून या जोडणीचा उपयोग नाही. एका सुट्टीच्या सकाळी हे काम पुरे होते.

अर्धाडाव

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी निवड केलीच नाही. दोन्ही सुरू केले आहे, आणि श्री. निरुद्योगी यांच्या म्हणण्यामुळे तीन महिन्यांची धास्ती काहीशी कमी झाली आहे. वही ठेवली आहे, रकाने आखलेले नाहीत.

दोन अडचणी आहेत. १० मेगाहर्ट्झवर रात्री ठोके ऐकू आले, पण सर्व पट्ट्यांवर एक सततची गुणगुण आहे, जी खोलीच्या एका कोपऱ्यात वाढते. दुसरे असे की आज स्टार्टरचा पाचवा दिवस असून बुडबुडे थांबले आहेत, हे अपेक्षितच होते, परंतु त्यावर करड्या पाण्याचा थर आला आहे. ते बिघडल्याचे लक्षण आहे का?

खरखर

गुणगुण घरातीलच आहे असे कोपऱ्याच्या उल्लेखावरून वाटते. संच बॅटरीवर चालवावा आणि घराचा विजेचा मुख्य खटका काही मिनिटे बंद करून ऐकावे. गुणगुण गेली तर गुन्हेगार घरात आहे. मग एकेक उपकरण जोडत जावे. बहुतेक वेळा मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा किंवा संगणकाचा वीजपुरवठा सापडतो, कारण त्यांतील मंडले सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि तो गोंगाट तारांमधून पसरतो. खटका बंद करूनही ती राहिली तर संच खिडकीपाशी न्यावा आणि पाच ते दहा मीटर तार बाहेरच्या बाजूला, विजेच्या तारांपासून दूर, टांगावी. याहून लांब तार सध्या नको. छोट्या संचाला बलवान केंद्रांचा भार सोसत नाही आणि एकच केंद्र चार ठिकाणी ऐकू येऊ लागते.

चिमूटभर

करडे पाणी हे बिघडल्याचे लक्षण नाही. मिश्रण भुकेले आहे एवढाच त्याचा अर्थ. ते ढवळून घ्यावे किंवा ओतून टाकावे आणि पीठ नेहमीप्रमाणे घालावे. खोली उबदार असेल तर दिवसातून दोनदा घालायला हरकत नाही. गुलाबी किंवा नारिंगी छटा अथवा केसाळ बुरशी दिसली, तर मात्र सगळे टाकून द्यावे आणि भांडे उकळत्या पाण्याने धुऊन पहिल्या दिवसापासून सुरू करावे.